मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या मराठी मंडळींना खुलं पत्र: घरं घेतली, आता रस्ते आणि गाड्याही मागूया

टार्नीट, ट्रुगनायना, विंडम व्हेल, मॅनर लेक्स, मॅम्बोरिन, वेरिबी आणि अजून पलीकडे जिथे नवीन इस्टेटचे झेंडे लागलेत तिथपर्यंत राहायला आलेल्या सगळ्या मराठी मंडळींना नमस्कार.

हे पत्र सरकारला नाही, तुम्हाला लिहितेय. सरकारला आणि काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, इंग्रजीत लिहायचं ते लिहितेच आहे, पण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज जे चालतं ते बघून वाटलं की आधी आपल्याच माणसांशी बोलायला हवं. सकाळी सातला कोणीतरी बॅलन रोडवरच्या गाड्यांच्या रांगेचा फोटो टाकतं, खाली धडाधड रागाचे इमोजी पडतात, संध्याकाळी परत तेच, आणि मग एक जण म्हणतो की जाऊ द्या हो, आपण बाहेरून आलेली माणसं, स्वतःचं घर झालं हेच खूप, कशाला उगाच तोंड उघडायचं. त्यावर कोणी काही बोलत नाही. मला त्या गप्प बसण्याबद्दलच बोलायचंय.

आपण बाहेरून आलो हे खरंय. पण कुणाचं कुंपण तोडून नाही आलो. मेलबर्नभोवती २००२ साली शहरवाढीची हद्द आखली गेली, म्हणजे रेषेच्या आत शहर आणि बाहेर शेती. ती रेष पुढे सरकत गेली, २०१० मध्ये तर एका फटक्यात ४३,६०० हेक्टर जमीन आत घेतली आणि त्यात आपल्या पश्चिमेचा मोठा पट्टा होता. तेव्हा आपल्यातले बरेच जण पुण्यात नाहीतर ठाण्यात नोकरी करत होते, ऑस्ट्रेलियाचा विचारही डोक्यात नव्हता. जमीन अशी आत घेतली की तिचा प्रीसिंक्ट स्ट्रक्चर प्लॅन होतो, ज्याला इथे सगळे पीएसपी म्हणतात. त्यात कुठला रस्ता किती रुंद, शाळा कुठे, मैदान कुठे, दुकानं कुठे, ओढ्याकाठी किती जागा मोकळी ठेवायची, असं सगळं रंग भरून दाखवलेलं असतं. लोकांच्या हरकती घेतात, गरज पडली तर पॅनेलपुढे सुनावणी होते, मग मंत्री सही करतात आणि त्यानंतर डेव्हलपर प्लॉट पाडतो. म्हणजे इथे किती घरं होणार आणि साधारण किती माणसं येणार हे आपण येण्याच्या कितीतरी आधी सरकारदरबारी कागदावर होतं. आकस्मिक असं यात काहीच घडलेलं नाही.

आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या विंडम काउन्सिलची लोकसंख्या १,६१,५७५ होती, २०१६ मध्ये २,१७,१२२ झाली, २०२१ मध्ये २,९२,०११, आणि आता ती सव्वातीन लाखांच्या पुढे गेलीय. एकट्या टार्नीटमध्ये २०२१ ला ५६,३७० माणसं होती. दहा वर्षांत एक लाख तीस हजार माणसं वाढली, म्हणजे महाराष्ट्रातलं एक चांगलं तालुक्याचं गाव इथे येऊन बसलं. तेवढ्या माणसांना लागणारं पाणी, गटार, वीज, इंटरनेट हे घराबरोबर आलं, ते नाकारून चालणार नाही, त्या बाबतीत इथली व्यवस्था चोख आहे. पण दाराबाहेर पडल्यावर जे लागतं, म्हणजे रस्ता, बस, ट्रेन, हॉस्पिटल, नोकरी, ते घरांच्या मागून येतं, आणि मागून म्हणजे किती मागून हे सांगायला कोणी बांधील नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्या एका गोष्टीवर आहे. घरं बांधू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः अशाच घरात राहते. घरांच्या आधी किंवा निदान घरांबरोबर बाकीचं बांधा, आणि कधी बांधणार त्याची तारीख द्या.

आमच्या मॅम्बोरिनच्या कडेचं सांगते म्हणजे कळेल. ब्लॅक फॉरेस्ट रोडच्या एका अंगाला नवीन घरं, साडेबारा मीटर बाय अठ्ठावीस मीटरचे प्लॉट, घराला घर खेटून, आणि दुसऱ्या अंगाला अजून मोकळं रान, उन्हाळ्यात पिवळं पडलेलं गवत आणि दूर यू यांग्जचे डोंगर. फूटपाथ छान आहे, रुंद आहे, कडेला नवीन झाडं लावलीत, आणि चालता चालता तो एकदम संपतो. तिथे एका डेव्हलपरची हद्द संपली. पुढचा तुकडा दुसऱ्या मालकाचा, तिथे अजून प्लॉट पडलेले नाहीत, म्हणून फूटपाथ नाही, दिवा नाही, नुसतं काटेरी गवत आणि एक तार. पलीकडच्या इस्टेटमधली दुकानं इथून डोळ्यांना दिसतात. पण चालत जायचं तर रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या वाऱ्यात, आणि उन्हाळ्यात त्या गवतात साप असतात हे वेगळं.

माझे आई-बाबा साताऱ्याहून आले होते. तिकडे दोघंही रोज सकाळी फिरायला जाणारे, बाबा भाजी स्वतः निवडून आणणारे. इथे त्यांना त्या फूटपाथच्या टोकापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, एवढंच उरलं. बसस्टॉप लांब, शनिवार-रविवारी बसचा भरवसा कमी, आणि आम्ही दोघं कामावर गेलो की गाडी चालवणारं घरात कोणी नाही. बाबा कधी तक्रार करत नाहीत पण निघायच्या आठवड्यात म्हणाले, घर फार सुंदर आहे गं, पण तुम्ही जाता तेव्हा दार लावून घेतल्यासारखं वाटतं. मला माहितीय तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच झालंय. टार्नीट नॉर्थमध्ये फ्लेक्सीराइड म्हणून बोलावली की येणारी छोटी बस सुरू केली, चांगली सोय आहे, पण ती ठरलेल्या भागापुरती. नवीन इस्टेटमध्ये पहिलं कुटुंब राहायला आलं त्या दिवसापासून नियमित बस का नसावी, तासाला एक का असेना, हा प्रश्न आपण विचारायला हवा. कारण पहिली दोन-तीन वर्षं बस नाही म्हटल्यावर प्रत्येक घर दुसरी गाडी घेतं, आणि मग तीच गाडी बॅलन रोडच्या रांगेत उभी राहते, आणि मग सरकारी माणसं म्हणतात की इथल्या लोकांना बस नकोच असते.

ट्रेनचं तर सविस्तर सांगायला पाहिजे, कारण नवीन आलेल्यांना मागचं माहीत नसतं. रीजनल रेल लिंक नावाची नवीन लाइन २१ जून २०१५ ला सुरू झाली आणि टार्नीट आणि विंडम व्हेल ही दोन स्टेशनं त्याच दिवशी उघडली. मूळ हेतू असा होता की जिलाँग, बॅलराट, बेंडिगोच्या गाड्या शहरातल्या लोकल गाड्यांपासून वेगळ्या काढायच्या. म्हणजे आपल्या दारातून जाणारी गाडी ही मुळात लांबच्या गावची डिझेल गाडी आहे, व्ही-लाइनची. जिलाँगहून ती भरून निघते, विंडम व्हेलला अजून भरते, आणि टार्नीटला पोचेपर्यंत दारात पाय ठेवायला जागा नसते. टार्नीट हे शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशननंतरचं व्ही-लाइनचं सगळ्यात गर्दीचं स्टेशन होऊन बसलं, उपनगरातलं स्टेशन, गाडी मात्र गावची. त्यात मार्च २०२३ अखेरपासून व्ही-लाइनचं भाडं शहराइतकंच केलं, त्या वेळी दिवसाला जास्तीत जास्त ९ डॉलर २० सेंट. जिलाँगकडच्या लोकांसाठी फार चांगलं झालं आणि मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, पण त्याने गर्दी वाढणार हे उघड होतं आणि त्या मानाने डबे काही वाढले नाहीत.

आता यातली मुख्य गोष्ट. ऑक्टोबर २०१८ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, वेस्टर्न रेल प्लॅन जाहीर झाला होता. विंडम व्हेल आणि मेल्टनपर्यंत विजेच्या गाड्या, म्हणजे लोकलसारख्या, दर थोड्या मिनिटांनी, आणि लांबच्या गाड्यांना वेगळे रूळ. त्या घोषणेवर विश्वास ठेवून किती जणांनी घरं घेतली असतील! एजंट लोकांनी तर ते तोंडपाठच केलं होतं. आज विंडम व्हेलला विजेची तार नाही. मध्ये टार्नीट वेस्ट स्टेशनचं काम २०२४ मध्ये सुरू झालं, शनिवार-रविवारच्या जिलाँग लाइनच्या गाड्या वाढवल्या, या गोष्टींचं मी स्वागतच करते. पण अजून एक स्टेशन म्हणजे त्याच गाडीत अजून माणसं. आमच्या बाजूला ब्लॅक फॉरेस्ट रोड नावाचं स्टेशन नकाशात आहे, रुळाशेजारी त्याची जागा आहे, आणि ते कधी होणार हे विचारलं की भविष्यात असं उत्तर मिळतं.

रस्त्यांवर फार बोलत नाही, रोज भोगतोच आहोत. लीक्स रोड, पामर्स रोड, डोहर्टीज रोड रुंद झाले, वेरिबी आणि हॉपर्स क्रॉसिंगची रेल्वे फाटकं काढली, फरक पडला. पण ते रस्ते रुंद होईपर्यंत वस्ती त्यांच्याही पलीकडे गेली होती. बाहेरचा रिंगरोड, कॅल्कॅलोपासून वेरिबीपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा, त्याची जागा २०१० मध्येच राखून ठेवलीय आणि अजून ती जागाच आहे. लोक घर घेताना नकाशावर ती रेष बघतात आणि म्हणतात वा, इथून हायवे जाणार.

तरी माझ्या मते रस्त्यांपेक्षा नोकरीचा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर ग्रुपवर कोणीच बोलत नाही. इतकी माणसं रोज सकाळी एकाच दिशेला का जातात? कारण काम तिकडे आहे. वेरिबीच्या पूर्वेला, फ्रीवेला लागून, सरकारच्या मालकीची शेकडो हेक्टर जमीन आहे, तिथे ५८ हजार नोकऱ्या येतील असा आराखडा २०१३ मध्ये झाला. मग तिथे एज्युकेशन सिटीचा मोठा प्रस्ताव आला, बरीच वर्षं बोलणी चालली, आणि २०१९ मध्ये सरकारने ती थांबवली. जमीन आजही बरीचशी रिकामी आहे. तिथे निम्म्या जरी नोकऱ्या आल्या असत्या तरी फ्रीवेवरची कितीतरी माणसं दहा मिनिटांत कामावर पोचली असती, आणि ज्या आया पोरांच्या डेकेअरच्या वेळेमुळे शहरातली नोकरी सोडून बसल्यात त्यांतल्या काही तरी कामाला लागल्या असत्या. अशा मैत्रिणी प्रत्येकीला माहीत आहेत. इंजिनिअर, अकाउंटंट, केमिस्ट्रीत पीएचडी झालेली एक. सहा वाजता डेकेअर बंद होतं आणि गाडी लेट झाली की काय करायचं याचं उत्तर नाही म्हणून घरी.

हॉस्पिटलचं बघाल तर एवढ्या लोकसंख्येला सरकारी इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल विंडममध्ये एकच, वेरिबी मर्सी. तिथले डॉक्टर-नर्स जीव तोडून काम करतात, त्यात आपलीही मुलं-मुली आहेत. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. शाळांचं काम मात्र सरकारने बऱ्यापैकी केलंय, व्हिक्टोरिया राज्यभर शंभर नवीन शाळा २०२६ पर्यंत असं म्हटलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या भागात झाल्या. हे मुद्दाम लिहितेय कारण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. तारीख ठरवली, आकडा ठरवला, पैसा बाजूला काढला, की काम होतं. ट्रेनला तारीख नव्हती.

पैसा कुठून आणायचा असं कोणी म्हणेल, तर त्याचंही सांगते. २०१० पासून या वाढीच्या भागातल्या जमिनीवर गेइक नावाचा आकार लागतो, सुरुवातीला हेक्टरमागे ८० ते ९५ हजार डॉलर होता, दरवर्षी वाढत गेला. जमिनीचे प्लॉट पडताना डेव्हलपर तो भरतो आणि अर्थातच प्लॉटच्या किमतीत धरतो, म्हणजे शेवटी आपण भरतो. त्यातला अर्धा सार्वजनिक वाहतुकीसाठी आणि अर्धा बाकीच्या सोयींसाठी असं ठरलेलं आहे. याशिवाय स्थानिक रस्ते, मैदानं, कम्युनिटी सेंटर यासाठी काउन्सिलकडे वेगळं शुल्क जमा होतं तेही प्लॉटमागेच. राज्याच्या ऑडिटर-जनरलने मार्च २०२० मध्ये या सगळ्या शुल्कांच्या कारभारावर रिपोर्ट दिला आणि त्याचा सूर असा होता की पद्धती अनेक, खाती अनेक, पण सगळ्याला मिळून एक धोरण नाही. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचा दुसरा रिपोर्ट आला, तो आपल्या पश्चिमेच्या गवताळ रानाबद्दल. इथली वस्ती वाढणार म्हणून त्या बदल्यात १५ हजार हेक्टर मूळ गवताळ रान राखून ठेवायचं वचन २०१० मध्ये दिलं होतं, २०२० पर्यंत जमीन विकत घ्यायची होती, आणि त्या वेळेला जेमतेम दहा टक्के घेतली होती. म्हणजे माणसांनाच ताटकळत ठेवलंय असं नाही, रानालाही तसंच.

त्या रानाबद्दल थोडं विषयांतर करते. आपल्याला हा भाग उजाड वाटतो, झाड नाही, डोंगर नाही, नुसता वारा. पण आपण ज्या दगडावर उभे आहोत तो बेसॉल्ट आहे, ज्वालामुखीचा, आपल्या दख्खनच्या पठाराचा असतो तोच काळा दगड. वर तशीच चिकण माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हाताची बोटं जातील एवढ्या भेगा पडणारी, म्हणून तर इथे घराचा स्लॅब टाकण्याआधी मातीची तपासणी करतात. या मैदानावरचं मूळ गवत आता पाच टक्क्यांहूनही कमी उरलंय आणि त्यात अशी फुलं, पतंग आणि सरडे आहेत जे दुसरीकडे जवळपास सापडत नाहीत. इस्टेटच्या मागे जो दगड रचून केलेला चुन्याविना बांध दिसतो ना, तो शेतकऱ्यांनी शेतातले दगड वेचून घातलेला आहे, फार जुना. आमच्या शेजारी अजून चार-पाच एकरांवर राहणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांच्या घोड्यांच्या कुरणाला असा बांध आहे. मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा वाटलं होतं की आम्ही आलो म्हणून त्यांना राग असेल. तासभर बोलत होते, आणि सगळा राग रस्त्यावर, ट्रकवर, आणि दरवर्षी नवीन कागद घेऊन येणाऱ्या पण काहीच न करणाऱ्या लोकांवर होता. आमची आणि त्यांची यादी शब्दशः एक निघाली.

हे सांगायचं कारण आहे. ३१ ऑगस्ट २०२५ ला मेलबर्नसह अनेक शहरांत स्थलांतरितांच्या विरोधात मोर्चे निघाले, त्यांच्या पत्रकात भारतीयांचं थेट नाव होतं. त्या आठवड्यात आपल्यातल्या कितीतरी जणांनी पोरांना एकटं बाहेर पाठवलं नाही. ट्रेनमध्ये गर्दी का, भाडी का वाढली, डॉक्टरची अपॉइंटमेंट का मिळत नाही, याचं उत्तर म्हणून आपल्याकडे बोट दाखवणं सोपं आहे कारण आपण रांगेत उभे असलेले दिसतो. ज्या ऑफिसात ट्रेनची फाइल पडून आहे ते ऑफिस कुणाला दिसत नाही. आपण गप्प राहिलो तर ते बोट तसंच राहणार. आणि आपण जर त्या शेजारच्या काकांच्या बाजूला उभं राहून तीच मागणी मोठ्याने केली, तर लोकांना दिसेल की आपणही त्याच रांगेत अडकलोय.

अजून एक, आपल्यातले बरेच जण वाघोली, उंड्री, हिंजवडीकडून आलेत. तिकडे काय झालं ते आपण बघितलंय. टॉवर आधी, रस्ता नंतर, पाण्याला टँकर, आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत घेतली तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरचं बिल हाच विषय. तिकडे आपण बिल्डरला आणि नगरसेवकाला शिव्या देऊन मोकळे व्हायचो, कारण दाद मागायची कुठे हेच कळत नव्हतं. इथे तसं नाही. इथे नकाशा छापलेला आहे, शुल्काचा हिशोब मागता येतो, हरकत लिहून दिली तर ती नोंदवावी लागते आणि तिचा विचार करावा लागतो. मग इथेही आपण व्हॉट्सअ‍ॅपवर राग काढूनच मोकळं व्हायचं?

राजकारण नको असं म्हणणाऱ्यांना एकच उदाहरण देते, कुठल्या पक्षाची बाजू घेत नाही. वेरिबीचे आमदार टिम पॅलस दहा वर्षं राज्याचे ट्रेझरर होते, म्हणजे तिजोरीची किल्ली आपल्याच मतदारसंघात होती. त्यांनी पद सोडल्यावर ८ फेब्रुवारी २०२५ ला पोटनिवडणूक झाली. त्यांच्या लेबर पक्षाची ही अनेक वर्षांची भरवशाची जागा, आणि त्यांची पहिल्या पसंतीची मतं तीस टक्क्यांच्याही खाली घसरली, जागा काहीशे मतांनी राहिली. त्या प्रचाराच्या काही आठवड्यांत वेरिबीचे रस्ते टीव्हीवर जेवढे दिसले तेवढे आधी कधी दिसले नव्हते. ज्या जागेवर कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं तिथे कोणाला घाई नसते, हे दोन्ही बाजूंच्या पक्षांना लागू आहे. नोव्हेंबर २०२६ मध्ये राज्याची निवडणूक आहे. ज्यांना नागरिकत्व मिळालंय त्यांनी प्रत्येक उमेदवाराला विचारा की विंडम व्हेलच्या विजेच्या ट्रेनला कुठल्या वर्षीच्या बजेटमध्ये पैसे ठेवणार. आश्वासन देता का हे विचारू नका, वर्ष विचारा.

आणि जे अजून पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, आहेत त्यांच्यासाठी, कारण हे बहुतेकांना माहीतच नसतं: काउन्सिलच्या निवडणुकीत तुम्हालाही मत देता येतं. तुम्ही नागरिक नसलात, पण स्वतःच्या घरात राहता आणि त्या घराचे रेट्स, म्हणजे घरपट्टी, भरता, तर काउन्सिलकडे अर्ज करून मतदारयादीत नाव घालता येतं. नाव आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून विंडममध्ये अकरा वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डाचा एकच काउन्सिलर, म्हणजे आपला माणूस कोण आणि फोन कुणाला करायचा यात आता घोळ नाही. पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे पण काउन्सिलरला ईमेल करायला निवडणूक लागत नाही. राज्याच्या पार्लमेंटच्या ई-पिटिशनवर सही करायलाही नागरिकत्व लागत नाही, व्हिक्टोरियात राहत असलात की झालं. दरवर्षी काउन्सिलचं बजेट लोकांच्या मतासाठी खुलं असतं, तिथे दोन परिच्छेद लिहायला अर्धा तास लागतो. कुठला फूटपाथ कुठे तुटलाय, कुठल्या सिग्नलला किती वेळ जातो, फोटो आणि वेळ टाकून लिहा. नुसतं ट्रॅफिक खूप आहे असं लिहिलं तर ते आभार मानून बाजूला ठेवतात, अमुक कोपऱ्यावर शाळा सुटल्यावर लहान पोरांना रस्ता ओलांडायला जागा नाही असं लिहिलं तर कोणालातरी येऊन बघावं लागतं.

नवीन घर घ्यायला निघालेल्यांनाही सांगते. डिस्प्ले व्हिलेजमध्ये, म्हणजे नमुन्याची घरं दाखवतात तिथे, भिंतीवर जो मोठा नकाशा लावलेला असतो त्यात ठिपक्यांच्या रेषेत जे जे दाखवलंय, स्टेशन, टाउन सेंटर, शाळा, त्यासाठी पैसा मंजूर झालाय का एवढं एकच विचारा, आणि त्या भागाचा पीएसपी स्वतः उघडून बघा, तो कुणालाही वाचता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने अशा मोकळ्या जमिनींवर अजून २७ प्लॅन आणि पुढच्या दहा वर्षांत १,८०,००० घरं असं जाहीर केलंय, म्हणजे आपल्या मागून येणाऱ्यांची अजून मोठी रांग आहे. त्या प्रत्येक प्लॅनवर मत मांडायची एक मुदत असते आणि ती मुदत आपल्यातल्या कुणाच्याही लक्षात न येता निघून जाते.

गणपतीला आपण तीनशे-चारशे माणसं सहज जमतो, हॉल बुक करतो, ढोल-ताशाची परवानगी काढतो, पार्किंगला स्वयंसेवक उभे करतो, मोदकांचा हिशोब शेवटच्या डॉलरपर्यंत देतो. एवढं जमतं तर काउन्सिलच्या मीटिंगला वीस माणसं जाऊन बसणंही जमेल. आपली ताकद कुठे कमी नाहीये, ती फक्त या कामाला कधी लावलेली नाही.

तर मी असं ठरवलंय. मॅम्बोरिन आणि विंडम व्हेलसाठी एक सबमिशन, म्हणजे लेखी मागणी, इंग्रजीत लिहून ठेवतेय: बस, फूटपाथचे तुटलेले तुकडे, ब्लॅक फॉरेस्ट रोड स्टेशन आणि विजेची ट्रेन, एवढेच चार मुद्दे. शेजारच्या काकांनी त्यावर सही करायचं कबूल केलंय, आमच्या गल्लीतली एक पंजाबी आणि एक फिलिपिनो फॅमिली पण आहे. टार्नीट आणि ट्रुगनायनावाल्यांनी आपापल्या भागाचं असंच एक लिहायला घ्या, इंग्रजीची भीती वाटत असेल तर मराठीत लिहून द्या, आम्ही चार-पाच जणी मिळून करून देऊ. आणि तुमच्या घराजवळचा फूटपाथ जिथे संपतो तिथला फोटो, रस्त्याच्या नावासकट, या रविवारपर्यंत ग्रुपवर टाका.